भिगवणची एक सकाळ

चिरंजीवांचे कुटुंब जानेवारीत अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांच्या दिनदर्शिकेत आमच्या वाट्याला एकच मोकळी सकाळ होती. आदल्या दिवशी शिरूरला लग्न आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दौंडहून गाडी. मोठे जहाज बंदराला लागते आणि प्रवाशांना काही तासांपुरते खाली सोडते, तशीच ही स्थिती. मागच्या उन्हाळ्यात ही मंडळी अलास्काच्या जहाजसफरीला गेली होती. जुनो बंदरात त्यांनी लहान बोट घेऊन देवमासे पाहिले. आता नातीचा प्रश्न होता, "आजोबा, तुमच्याकडे काय आहे?"

शिरूरच्या शाखेत मी काही वर्षे काढलेली असल्याने मोराची चिंचोली हे नाव तोंडावर आले. परंतु देवमाशांची बरोबरी करायची तर पाणी आणि होडी हवी, म्हणून भिगवण ठरले. दौंडहून हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे, शेते पाण्याखाली गेली. पुढे त्याच जलाशयाच्या उथळ, चिखलट कडांना रोहित पक्षी हिवाळ्यात येऊ लागले.

कुंभारगावच्या काठावर पहाटेच पोहोचलो. खरी निवड इथे करावयाची होती. पहिल्या तरुण नावाड्याने हमी दिली, "थव्याच्या अगदी जवळ नेतो, सगळे एकदम उडवून दाखवतो." दुसरा वयस्कर नावाडी म्हणाला, "मी लांबच थांबवतो. दिसतील तेवढे दिसतील." भाडे दोघांचे सारखेच. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने तेवढ्याच रकमेत जास्त परतावा देणाऱ्याकडे वळणे स्वाभाविक होते, आणि मी वळलोही.

त्याला आणखी एक कारण होते. सौ.ची दृष्टी मधुमेहामुळे मंदावली आहे. उभा रोहित दुरून पांढुरकाच दिसतो. त्याचा लाल-गुलाबी रंग आणि काळी किनार असते पंखांत, आणि ती उघडते उडताना. म्हणूनच तर नावाडी थवे उठवतात. दुरून पाहायचे म्हणजे तिच्यासाठी न पाहण्यासारखेच होते.

सूनबाईंनी जुनोची हकीकत सांगितली. तिथे हंपबॅक देवमाशाच्या शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत बोट नेण्यास कायद्याने मनाई आहे. हे प्राणी हिवाळा हवाईच्या उबदार समुद्रात जवळजवळ उपाशी काढतात आणि उन्हाळ्यात अलास्काला येतात ते पोट भरायला. गंमत अशी की देवमासा आणि रोहित यांची जेवणाची रीत सारखीच आहे. एकाच्या जबड्यात झालरीसारखी गाळणी, तर दुसऱ्याच्या चोचीत बारीक कंगव्यासारखी. पाणी तोंडात घ्यायचे, बाहेर सोडायचे आणि अडकलेले जीव गिळायचे. रोहित त्यासाठी मान उलटी करून चोच चिखलात घालतो. त्याचा रंगही त्याच अन्नातून येतो.

हे ऐकून सौ. म्हणाली, "जेवताना कुणाला उठवू नये. अंतराय नको. लांबची होडी घ्या." बैलांच्या तोंडाला मुसकी बांधवल्यामुळे भगवान ऋषभदेवांना वर्षभर आहार मिळाला नाही, ही कथा आपल्या घरांतून सर्वांनाच ठाऊक असते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वयस्कर नावाड्याने बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले आणि पुढे बांबूने होडी हलकेच ढकलली. त्याची वडिलोपार्जित जमीन याच पाण्याखाली आहे, हे त्याने बोलता बोलता सांगितले. चित्रबलाक, नदीसुरय, पट्टकदंब हंस यांची नावे तो घरच्या माणसांसारखी घेत होता. नातीला दुर्बिणीतून उलट्या चोची स्पष्ट दिसल्या. सौ. दुर्बीण डोळ्यांना लावून म्हणाली, "पांढरे काहीतरी आहे." मला वाईट वाटले, हे लपवत नाही.

इतक्यात पहिल्या नावाड्याची होडी दुसरे प्रवासी घेऊन वेगाने थव्याकडे गेली. रोहित पाण्यावर धावत धावत उठले आणि आकाशात लाल पट्टा पसरला. त्या होडीत टाळ्या वाजल्या. "दिसले! अहो, मला दिसले!" सौ. ओरडली आणि लगेच गप्प झाली.

"परत बसतील का?" नातीने विचारले.

"बसतील, पण पलीकडे," नावाडी म्हणाला. "आणि लगेच चरायचे नाहीत."

नवकारसीची वेळ होऊन गेली होती. मी उकळलेल्या पाण्याचा थर्मास पुढे केला. तिने तो हातात घेतला, पण झाकण उघडले नाही. "ते बसले की सांगा," एवढेच म्हणाली. थवा दोन फेऱ्या मारून दूर उतरला तेव्हा नातीने तिला सांगितले, "आजी, बसले."

उतरताना नावाड्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ लागलो, तर त्याने ठरले तेवढेच घेतले. दुपारी दौंड स्टेशनवर गाडी अर्धा तास उशिरा होती. नात फलाटावर वहीत चित्र काढत बसली होती. तिने थवा पांढराच ठेवला होता.