नानांचा डावा पाय

मागच्या दिवाळीत नानांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आते पायमा जोर नही राहिना," म्हणाले. "विकून टाक."

गाडी म्हणजे आमची २००५ची मारुती ८००, सेकंडहँड घेतलेली. पांडेसऱ्यात तीस वर्षं लूमवर जॉबर म्हणून राबल्यावर नानांनी घेतलेली पहिली चारचाकी. भेस्तानहून उधन्याला बाजाराला, नंदुरबारला लग्नकार्याला, सगळीकडे तीच. वय ६८, गुडघा दुखतो, म्हणजे पाय थकला असणार असं आम्हीही धरून चाललो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. पार्किंगची जागा मोकळी होणार होती.

विकण्याआधी मी एक चक्कर मारली. क्लच पार तळाला टेकवला तरी रिव्हर्स कर्रकन वाजत पडायचा आणि पेडल जेमतेम उचललं की गाडी सरकायची. माझा पाय तर ठणठणीत होता!

गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणून सांगितलं. मला पटेना. या गाडीचा क्लच केबलवर चालतो. त्यात प्लेट झिजली की पेडलचा प्ले कमी होतो आणि क्लच वर, पेडल जवळजवळ सोडल्यावर धरतो. आमचा अगदी खाली धरत होता. म्हणजे केबल सैल. अर्धं पेडल ती ढील काढण्यातच जायचं आणि प्लेट पूर्ण सुटायचीच नाही. (तुमच्या गाडीत हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी ऑइलची पातळी आणि गळती बघा. तिथे हवा शिरली तरी असंच होतं.)

गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला एक नट असतो. तो आवळला, क्लच वर आला, मी खूश. आठवड्याने पुन्हा खाली. पुन्हा आवळला. ऑफिसात आम्ही याला पॅच म्हणतो, आणि दुसऱ्याने मारला की मी चिडतो.

तिसऱ्यांदा पाना घेऊन वाकलो तेव्हा नाना मागे येऊन उभे राहिले. "नट हललेला नाही. मग सैल काय होतंय?"

त्यांनी केबलच बाहेर काढायला लावली. लूमवर बोटांनी दोष शोधायची सवय. तारेवरून अंगठा फिरवत गेले आणि पेडलच्या हुकाजवळ थांबले. अंगठ्यावर रक्ताचा थेंब. तिथले पीळ एकेक करून तुटत आले होते आणि उरलेल्या तारा ताणल्या जात होत्या. भर रस्त्यात कधीही तुटली असती.

नवी केबल उधन्याहून आणली. डॅशबोर्डखाली मी उताणा, नाना टॉर्च धरून हुकूम सोडत होते. नट मी जरा जास्तच आवळला, तर ओरडले. प्ले अजिबात ठेवला नाही तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेट घसरून जळते. पुस्तिकेत दिला होता तेवढा प्ले ठेवला.

मग नाना बसले. क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा रिव्हर्स. असं चार वेळा.

"माझा पायच म्हणत होतो मी," एवढंच बोलले.

संध्याकाळी आत्या उधना स्टेशनला उतरणार होती. मी किल्ली शोधत होतो, तर गाडी जागेवर नव्हती.