एका क्रियापदाची बदली

माझी बंगळूरला बदली झाली, त्याच आठवड्यात एका इंग्रजी क्रियापदाची आणि माझी नव्याने ओळख झाली. मॅजेस्टिकच्या स्थानकातून निघालेल्या बसमध्ये दोघांच्या बाकावर आम्ही दोघे ऐसपैस बसलो होतो. एवढ्यात एक गृहस्थ आले, मंद हसले आणि म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." शेजारचा प्रवासी खिडकीकडे सरकला, मी त्याच्याकडे सरकलो, आणि दोघांच्या बाकावर तिघांचा संसार सुरू झाला. 'स्वल्प' मला कळला. तो संस्कृतातून कानडीत आणि मराठीत सारखाच आलेला. 'माडि' म्हणजे 'करा', हे तर्काने उमगले. अडखळलो तो मधल्या शब्दापाशी. आणि गंमत अशी, की तिहींपैकी तोच एक मला कचेरीत रोज लिहावा लागतो.

आमच्या हिशेबशाखेत हे क्रियापद मोठ्या शिस्तीने वागते. दौऱ्यासाठी घेतलेली उचल दौरा संपल्यापासून १५ दिवसांच्या आत 'अ‍ॅडजस्ट' करावी लागते. बिल जोडायचे, उचल वजा घालायची, उरेल ते भरून मोकळे व्हायचे. राजभाषेच्या टिपणीत यालाच आम्ही 'समायोजन' म्हणतो. इंग्रजांच्या घरीही हे क्रियापद बहुधा कर्माला बरोबर घेऊनच बाहेर पडते. घड्याळ अ‍ॅडजस्ट करतात, चष्मा करतात, दुर्बीण करतात. विमा कंपनीचा 'अ‍ॅडजस्टर' नुकसानीचा आकडा ठरवतो. बंगळूरच्या बसमध्ये मात्र त्याच्याबरोबर कर्म दिसत नाही. काय अ‍ॅडजस्ट करायचे? बाक नव्हे, पिशवी नव्हे. ज्याला सांगितले तोच स्वतःचे कर्म! कर्ता आणि कर्म एकाच माणसात आटोपण्याची ही काटकसर पाहून आमच्या शाखेनेही मान डोलवावी.

कुतूहल म्हणून कोश उघडला. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'जुक्स्ता' आहे. जुक्स्ता म्हणजे जवळ. तेव्हा अ‍ॅडजस्ट करणे म्हणजे मुळात जवळ आणणे. पुढे फ्रान्समध्ये लोकांचा असा समज झाला, की तो 'जुस्तुस' म्हणजे 'न्याय्य' या शब्दापासून निघाला असावा, आणि त्या समजाची छाया त्याच्या अर्थावर कायमची पडली. माझ्या मनाने लगेच वाटणी केली : बाकावरचे अ‍ॅडजस्ट जवळीकीचे, खतावणीतले न्यायाचे.

आपणां परमुलखात नोकरी करणाऱ्यांना हा शब्द परका वाटू नये. सतराव्या शतकात हेच बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तेव्हापासून मराठी माणूस येथे थोडा सरकून बसतच आला आहे. आणि कानडीने तरी आपल्या बाकावर जागा घेतली नाही काय? आपल्या ताटातले 'तूप' मूळचे कानडी. पण आज त्याला 'जरा सरका' म्हणण्याची कोणाची छाती आहे?

येथपर्यंत सारे गमतीचे होते. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आईला मी येथे आणले. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये मिरजेला आम्ही बसलो, तेव्हा तिच्या मांडीवर एकच गाठोडे होते : तिचे देव. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पूर्वेची खिडकी एकच, आणि तिच्याशी माझे लिहिण्याचे टेबल. देव कोठे मांडू, असे तिने विचारले तेव्हा मी म्हणालो, "आई, जागा लहान आहे गं. थोडं अ‍ॅडजस्ट कर." देव स्वयंपाकघराच्या फळीवर, डाळीच्या डब्यांमध्ये बसले. पुढे मुलांचा अभ्यास संपेपर्यंत तिचे अंथरूण पडेना. तेव्हाही मी तेच वाक्य म्हणालो. दुपारी पोथी मोठ्याने वाचण्याची तिची सवय सुटली, ती बहुधा मी न सांगताच.

परवा ती फोनवर माझ्या मावशीशी बोलत होती. "नाही गं ताई, त्रास कसला? मी आता अ‍ॅडजस्ट झालेय."

मी थबकलो. मराठीत हे क्रियापद दोन सोबत्यांचा हात धरून येते, 'करणे' आणि 'होणे'. मी तिला दरवेळी 'कर' म्हटले होते. तिच्या तोंडी ते 'झालेय' म्हणून आले. सरकणारा माणूस सरकत सरकत बाकाच्या काठाशी पोचला, की 'करणे'चे 'होणे' होत असावे. बसमध्ये निदान सगळेच थोडे थोडे सरकतात. घरात दोन वर्षे एकटी आई सरकत होती, आणि मी खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या उचलींचे समायोजन तपासत होतो! जमाखर्चाच्या नोंदीला दोन बाजू असतात हे मला कोणी शिकवायला नको. मी आईकडून नुसती उचल घेत गेलो. बिल जोडलेच नाही. माझ्या हाताखालून अशी फाइल गेली असती, तर मी लाल शाईने शेरा मारला असता.

रविवारी मी टेबल हलवले. खिडकीखाली पाट मांडला आणि फळीवरचे देव काढून द्यायला आईला हाक मारली. तिने देव पुसून मांडले, निरांजन लावले, आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "आणि तू लिहायला कुठं बसणार?"

"मी करतो अ‍ॅडजस्ट," मी म्हणालो. हे क्रियापद त्या घरात प्रथम पुरुषात मी प्रथमच वापरले.

हा मजकूर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, डाळीच्या डब्यांशेजारी बसून लिहीत आहे. उकडते आहे आणि उजेडही बेताचा आहे. बाहेरच्या खोलीत मुलांचा अभ्यास अजून चालला आहे. आई भिंतीला टेकून डुलक्या घेत आहे. तिच्या अंथरुणाची नोंद अद्याप बाकीच आहे.