तारेचा रंग आणि मीटरची साक्ष

जुने लॅपटॉप आता आमच्या वस्त्यांतही आले आहेत. कुणी बचत गटाचे कर्ज काढून, कुणी ओव्हरटाइमचे पैसे साठवून मुलांना घेऊन देतो. त्यात बरेचदा आधी मोडते ते चार्जरची पिन बसते ते सॉकेट. दुकानदार 'मदरबोर्ड गेला' म्हणून मोकळा होतो आणि गरीब माणूस मान डोलावतो.

अकोल्याहून अमरावतीला इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या एका मुलीचे असेच झाले. स्वाधार योजनेचा अर्ज भरायचा होता, परीक्षा तोंडावर. विहाराच्या अभ्यासिकेत येऊन म्हणाली, "काका, लॅपटॉप चार्जच होऊन नाही राहिला. दुकानात साडेचार हजार सांगतात." तिची आई चार घरची धुणीभांडी करते.

आमचा भाचा आयटीआय झालेला वायरमन. त्याने लॅपटॉप उघडून सर्वांत आधी बॅटरीचे कनेक्टर काढले. सॉकेट तुटलेले होते, बोर्ड शाबूत. नवे सॉकेट आणले तर त्याच्या तारांचे रंग निराळेच! "मामा, रंगावर जाऊ नका," तो म्हणाला.

घरच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. तिथे २३० व्होल्टचा एसी. लॅपटॉपला लागतो १९ व्होल्टच्या आसपासचा डीसी. त्यात लाल बहुधा धन, काळी बहुधा ऋण. हा 'बहुधा'च घात करतो. उलट जोडणीने माणसाला झटका बसणार नाही, पण बोर्ड जळू शकतो. ऐकीव आहे, चालत आले आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. आम्ही ते विहारात वाचतो आणि तारेपाशी आलो की विसरतो.

भाच्याने मीटर 'बीप'वर ठेवले. एक टोक यूएसबीच्या धातूच्या कडेला, दुसरे बोर्डाकडच्या एकेका तारेला. दोन तारांवर बीप वाजली, त्या ऋण. उरलेल्या दोन जाड तारा एकमेकींशी वाजल्या, त्या धन. राहिली एक बारीक तार. डेल, एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती चार्जरची ओळख पटवते. ती तुटली तर लॅपटॉप चालेल, पण बॅटरी भरणार नाही असे होऊ शकते. मग नव्या सॉकेटला चार्जर लावून मोकळ्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजले. लाल टोक धनावर असेल तर आकडा सरळ येतो, उलट असेल तर आधी वजाची खूण दिसते. चार्जर काढून सारख्याला सारखी तार डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली. धन-ऋणात बीप वाजत नाही ना, हेही पाहिले.

चार्जरचा डबा मात्र कुणी फोडू नये. आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे खातेही त्यांच्याकडे होते, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? मीटर धरायला मुलींनाही शिकवा.

त्या मुलीचा अर्ज मुदतीत गेला. पुढच्या रविवारी आणखी दोन लॅपटॉप आले. एकाचा चार्जरच मेलेला होता. दुसऱ्याचे टाइप-सी सॉकेट होते, त्यात २४ बारीक टोके. ते भाच्याने हात न लावता परत केले.