गाळाखालची बाग

२४ जुलै २०२१
पाणी उतरलं. गावात लाईट नाही, फोन नाही. भिंतीवरची रेघ खिडकीच्या गजांच्याही वर. परसदार उघडत नाही. पलीकडून गाळ लागलाय.

२५ जुलै
दार उघडलं. बागेत सगळा गाळच गाळ. त्यात कुणाच्या तरी दुकानाची पाटी, कापडाचा तागा, एक गॅसची टाकी. डिझेलचा वास. उभे आहेत ते तामण, सोनचाफा, देवचाफा. बोगनवेल कमानीसकट आडवी. अनंत, तगर, जास्वंद दिसत नाहीत. मोगऱ्याच्या कुंड्या वाहून गेल्या.
वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या एकदम आल्या.

२७ जुलै
भाऊजी आईंना पुण्याला घेऊन गेले. गाडीत बसताना आई म्हणाल्या, "अगं, आधी सोनचाफ्याचा बुंधा मोकळा कर."

३० जुलै
घर धुऊन संपत नाही. दुपारी थोडा वेळ काढून खोरं घेतलं. जुनी माती लागेपर्यंत गाळ ओढला. चाफ्याचा बुंधा हातभर गाडला गेला होता. हा गाळ वाळला की सिमेंट. मुळांना हवा जायला वाट राहत नाही, तिथेच झाड गुदमरतं. पहारीने भोवती भोकं पाडली. पानं बादलीतल्या पाण्याने धुतली.

२ ऑगस्ट
देवचाफा खालून मऊ लागतोय. अंगठा दाबला की आत जातो. फांद्या मात्र वरून धडधाकट. कोयत्याने कापल्या, आत पांढरं स्वच्छ दिसेपर्यंत मागे मागे कापत गेले. चीक गळू दिला. ओसरीवर उभ्या करून ठेवल्यात. चीक सुकण्याआधी मातीत लावल्या तर कुजतील.

९ ऑगस्ट
श्रावण लागला. देवाला फूल नाही.

११ ऑगस्ट
सोनचाफ्याने माना टाकल्या. जमीन ओलीचिंब, आणि पानं उन्हाळ्यात पाणी चुकल्यागत लोंबतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, शेणखत घाल. घातलं नाही. मुळंच धड नाहीत तर खत घेणार कोण?

१५ ऑगस्ट
आईंचा फोन. पहिला प्रश्न चाफ्याचा. पानं पिवळी पडलीत म्हटलं. "अण्णांनी दापोलीहून आणलेलं कलम आहे ते." मग थांबून, "माझा चष्मा सापडला का?"

२० ऑगस्ट
साल नखाने खरवडून पाहिली. शेंड्याकडे तपकिरी. खाली अजून हिरवी.

२१ ऑगस्ट
हिरवीच आहे.

२८ ऑगस्ट
न्हाणीच्या सांडपाण्याजवळ गाळातून सोनटक्का वर आला! कंद खाली तसेच शाबूत होते. शेजारी कर्दळीचे कोंबही. दोघांनाही चिखल चालतो. कुणी काही केलं नाही त्यांच्यासाठी.
देवचाफ्याच्या फांद्या आज वाळूत खोचल्या.

६ सप्टेंबर
बुंध्यापर्यंत तपकिरी. चाफा गेला.

७ सप्टेंबर
आईंना सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग, "अण्णांच्या फोटोला काय वाहतेस?"
काही नाही, म्हटलं.

१२ सप्टेंबर
गौरी आल्या. संध्याकाळी सोनटक्का उमलला, तोच वाहिला. फूल तोडताना अलगद धरावं लागतं. पाकळी इतकी पातळ की बोट लागलं तिथे डाग उठतो. खाली लांब नळी, कापली तर ओलसर गोड वास. अण्णांच्या फोटोलाही एक वाहिलं. आईंना फोटो पाठवला. उत्तर नाही.

३ ऑक्टोबर
बोगनवेल उभी केली. सुकलेलं सगळं छाटलं. खोडावर लालसर फुटवे.

४ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. कंदील लावला. फरशीच्या सांध्यांत अजून गाळ.

१८ जानेवारी २०२२
तामणाची पानं लाल होऊन गळतायत. ह्यांना वाटलं, हाही चालला. दर थंडीत गळतात, म्हटलं. फांद्यांवर मागच्या वर्षीची लाकडी बोंडं आहेतच.
बोगनवेल भरली. पाणी तोडलं की ती बहरते. रंग सगळा त्या कागदी पानांचा. खरी फुलं आत, पांढरी, एवढीशी, तीन-तीन.

२ एप्रिल
पाडवा. आईंना या म्हटलं. "यंदाचा पावसाळा जाऊ दे." त्यांना अजून रात्री पाण्याचा आवाज येतो म्हणे.

२४ एप्रिल
तामण फुलला. पालवी कोवळी, तिच्या वर जांभळे तुरे. शिडी लावून एक तुरा खाली घेतला. सहा पाकळ्या, कडा चुण्या पडलेल्या, प्रत्येकीला खाली बारीक देठ, त्यामुळे पाकळ्यांच्या मधून उजेड दिसतो. मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. कालची फुलं फिकट, आजची गडद. एकाच तुऱ्यात सगळ्या छटा.
नऊ महिन्यांपूर्वी हे झाड निम्मं पाण्यात होतं. एक फांदीही वाळली नाही.
आईंना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

८ मे
आई आल्या. "दोनच दिवस हं." चहाही न घेता परसात गेल्या. चाफ्याच्या जागी जरा उभ्या राहिल्या. मग तामणाखाली.
"हे नदीकाठचंच झाड. माझ्या माहेरी ओढ्याला रांगेने होती. याच्या लाकडाच्या होड्या करायचे."

१९ मे
आई अजून इथेच. पुण्याचा विषय काढत नाहीत, मीही काढत नाही.
रोपवाटिकेत सीता अशोक मागितला. तिथल्या माणसाने कुंपणाला लावतात तो सरळसोट अशोक पुढे केला. तो नव्हे, म्हटलं. मागच्या शेडमध्ये मिळाला. सह्याद्रीत ओढ्याकाठच्या दमट सावलीत वाढतो हा. जुन्या खोडावरही केशरी गुच्छ येतात, जुने होत लाल होतात.

३० मे
देवचाफ्याच्या फांद्यांना पानं. काढून गच्चीवर कुंड्यांत लावल्या.
सोनचाफ्याचं नवं कलम आणलं. ड्रममध्ये, तळाला भोकं आणि विटांचे तुकडे. तेही गच्चीवर. आई म्हणाल्या, "अण्णांना जिना चढायला लावलंस."

१४ जून
पाऊस लागला. सीता अशोक चाफ्याच्या जागी लावला, थोडा उंचवटा करून. आईंनी माती लोटली. पावसाळाभर राहते म्हणाल्या.

१५ जून
काकूंना यादी लिहून दिली, इथेही ठेवते. नदीजवळच्या परसात तामण, सीता अशोक, सोनटक्का, कर्दळ. सोनचाफा, देवचाफा, अनंत हवे असतील तर जोत्याच्या वर किंवा गच्चीत. तामण तर महाराष्ट्राचं राज्यपुष्प. कोकणात ज्याच्या दारी जागा आहे, त्याने एक तरी लावावा.