त्या रस्त्याचे ब्रेक

चांदणी चौक ओलांडून भूगाव आणि पिरंगुट मागे पडले, की रस्ता पौडमार्गे मुळशी धरणाकडे निघतो आणि पुढे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. याच रस्त्यालगत पौडजवळ पुण्याच्या भवानी पेठेतील एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याची थोडी जागा आणि एक पत्र्याची शेड आहे. दुकानातील जादा माल पूर्वी तेथे राही. चार वर्षांपूर्वी धाकट्या चिरंजीवांनी नटबोल्टची पोती एका बाजूस सारली आणि मधोमध एक लाल, बुटकी, दोन आसनांची मोटार आणून उभी केली.

वडील पाहावयास आले. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि विचारले, "घरात माणसे सात, गाडीत जागा दोघांना. हा हिशेब कसा बसवायचा?"

मुलाने उत्तर दिले नाही. गाडी त्याने स्वतःच्या बचतीतून घेतली होती, एवढेच तो म्हणाला.

ती गाडी होती सॅन स्टॉर्म. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने ती बांधावयास घेतली. आराखडा फ्रान्समधला, इंजिन रेनॉ कंपनीचे, 1149 सीसीचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे. अंग फायबरचे, म्हणून वजनाला हलकी. भारतात बांधलेल्या स्पोर्ट्‌स कार बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत या गाडीचे नाव निघते. फार थोड्या विकल्या गेल्या आणि उत्पादन थांबले. आज तिचा सुटा भाग दुकानात मागून मिळत नाही. शोधावा लागतो किंवा घडवून घ्यावा लागतो.

मुलाची इच्छा साधी होती. आठवडाभर दुकान सांभाळावे, रविवारी मुळशीच्या वळणांवर गाडी चालवावी आणि वर्षातून एकदोनदा तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यावी. एकच गाडी रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी. या "एकच" शब्दात किती अडचणी दडलेल्या आहेत, याची कल्पना तेव्हा बापलेकांपैकी कोणालाही नव्हती.

वडिलांनी आपल्या सवयीप्रमाणे खाते उघडले. लाल कापडी बांधणीच्या वहीत गाडीच्या नावे एक पान आणि त्यावर दोन रकाने: गरज आणि हौस. खर्च कोणत्या रकान्यात जाणार हे मुलाने सांगायचे. पैसे त्याचेच असल्यामुळे वडील अडवणार नव्हते. परंतु मांडल्याशिवाय एक रुपयाही जाणार नव्हता.

पहिले वर्ष सगळे "गरज" या रकान्यात गेले. फायबरला गंज चढत नाही, पण त्याखालची पोलादी चौकट मुळशीच्या पावसात सुरक्षित राहत नाही. रबराचे पाइप कडक होऊन तडकले होते, सस्पेन्शनचे बुश झिजले होते, इंधनाची नळी बदलावी लागली. नोंदणीची 15 वर्षे उलटून गेलेली असल्याने परिवहन कार्यालयात गाडी दाखवून 5 वर्षांचे नूतनीकरण करून घेतले. एवढा खर्च होऊनही गाडी पूर्वीपेक्षा वेगवान झाली नव्हती. ती फक्त विश्वासाची झाली होती. वडिलांना ही नोंद मनापासून आवडली.

दुसऱ्या वर्षी हौसेची पाळी आली. मित्रमंडळींचा सल्ला इंजिनापासून सुरू होत होता: ताकद वाढव, सायलेन्सर मोठा बसव. मुलाने मात्र थोडे वाचन केले होते. वेग दुप्पट झाला, की गाडीच्या अंगातील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी 60 किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला जेवढे काम पडते, त्याच्या चौपट काम 120 वरून थांबताना पडते आणि त्या साऱ्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून त्याने थांबण्यापासून आरंभ केला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरे ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. ट्रॅकवर चारपाच फेऱ्यांत जुने ऑइल उकळले, तर त्यात वाफ धरते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ऑइल दर वर्षी बदलण्याचे ठरले. वडिलांनी हा खर्च हौसेच्या रकान्यातून खोडून गरजेत लिहिला.

आसनाच्या पट्ट्यांचा प्रश्न आला, तेव्हा वडिलांचा व्यवसाय उपयोगी पडला. कारागिराने पट्ट्याच्या कड्यासाठी हाताशी आलेला बोल्ट उचलला होता. वडिलांनी तो हातात घेऊन त्याचे डोके पाहिले आणि परत ठेवला. "यावर 4.6 लिहिले आहे. हा कुंपणाच्या जाळीला ठीक. माणसाला धरून ठेवायचे असेल तर 8.8 च्या खाली जायचे नाही." मग त्यांनी मुलाला समजावले: पहिला आकडा शंभरने गुणला की बोल्ट किती ताण सोसून तुटेल ते कळते, दुसरा आकडा सांगतो, की त्या ताणाच्या किती दशांशाला तो कायमचा ताणला जाईल. 8.8 म्हणजे 800 आणि त्याचे आठ दशांश, 640. "बोल्टच्या डोक्यावर त्याची पत लिहिलेली असते. वाचायची सवय पाहिजे."

कागदपत्रांतही अशीच पत वाचावी लागली. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्धचे बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद झाली. विम्याचे कलम तर वडिलांनी भिंग लावून वाचले: पॉलिसीत वापराच्या ज्या मर्यादा दिलेल्या असतात, त्यांत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर गाडी मोडली, तर ते नुकसान पूर्णपणे घरचे. मोठ्या सायलेन्सरचा आणि इंजिन बदलण्याचा विचार त्या रात्री मिटला.

ब्रेकचे पॅड मात्र बदलले गेले. आकार तोच, जागा तीच. फक्त घर्षणाचा मसाला शर्यतीचा. ट्रॅकवर साधे पॅड तापून ढिले पडतात, हे कडक उष्णतेतही पकड सोडत नाहीत. सर्वांत चांगले, सर्वांत महाग. वहीत नोंद झाली, आणि बापलेक दोघेही निश्चिंत झाले.

चातुर्मास संपला होता. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाले होते. एका रात्री जेवताना आई म्हणाली, "उद्या पहाटे साध्वीजींचा विहार पौडवरून आहे. आपल्याकडच्या तिघीजणी सोबत चालणार आहेत." मुलाने ऐकले आणि तो विसरला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो शेडमधून गाडी काढून निघाला. धरणाकडून धुके उतरले होते. वेग ताशी 50 च्या आत होता. त्या रस्त्यावर त्याहून जोरात ट्रक जातात. एका वळणानंतर धुक्यात पांढरे काही हलले. त्याने ब्रेक दाबला. पेडल घट्ट होते, ऑइल नवे होते, सगळे जागच्या जागी होते, आणि तरीही गाडी पुढेच जात राहिली. त्याने दोन्ही पायांचा जोर लावला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या साध्वीजींपासून आठदहा हातांचे अंतर उरले होते.

मागच्या श्राविका जागीच खिळल्या. साध्वीजी क्षणभर थांबल्या. मुलगा उतरला, हात जोडून त्याने "मिच्छामि दुक्कडम्‌" म्हटले. पुढचा शब्द त्याला फुटला नाही. साध्वीजींनी आशीर्वादाचा हात वर केला, समोरची चार हात भूमी पाहिली आणि त्या चालू लागल्या. धुक्यात त्यांची पांढरी वस्त्रे दिसेनाशी होईपर्यंत तो तेथेच उभा होता.

सांगितले नसते तर घरी कदाचित कळलेही नसते. तो सरळ दुकानात गेला आणि वडिलांच्या गादीसमोर बसून त्याने सगळे सांगितले.

वडिलांनी विचारले, "वेगात होतास?"

"नाही, पप्पा."

"ब्रेकमध्ये दोष होता?"

"नव्हता. ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी थंड होते."

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ब्रेक चांगले होते. त्या रस्त्याचे नव्हते."

त्या संध्याकाळी दोघांनी वही पुन्हा उघडली. गरज आणि हौस हे रकाने खोडले आणि त्या जागी रस्ता आणि ट्रॅक असे लिहिले. मग एकेक वस्तू नव्याने तपासली. जवळजवळ प्रत्येकीची हीच कथा निघाली. ट्रॅकचे टायर कोरड्या डांबराला चिकटून राहतात, पण त्यांच्या उथळ खाचा ताम्हिणीच्या पावसात साचलेले पाणी कापू शकत नाहीत. कडक स्प्रिंग गुळगुळीत ट्रॅकवर गाडीला स्थिर ठेवतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच स्प्रिंगमुळे चाक उसळते आणि जमीन सोडते. गाडी बुटकी केली तर वळण छान घेते आणि गावच्या गतिरोधकावर पोट घासते. आसनामागचा पोलादी पिंजरा हेल्मेट घातलेल्या चालकाला वाचवतो. बिनहेल्मेटच्या डोक्याला तोच घातक. यांतली एकही वस्तू वाईट नव्हती. जिथली नाही तिथे नेली, की ती वाईट ठरत होती.

मार्ग निघाला तो व्यापाऱ्याच्या डोक्याला शोभेल असा. दोन खोकी केली. एकात रस्त्याचे पॅड आणि टायर चढवलेली चार चाके, दुसऱ्यात ट्रॅकची. स्प्रिंग मूळचेच राहिले. ट्रॅकला गाडी चालवत न्यायची नाही, ट्रकवर चढवून न्यायची. तिथे पोहोचल्यावर चाके आणि पॅड बदलायचे, परतताना पुन्हा बदलायचे.

मुळशी तालुक्यातच अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील शर्यती भरविल्या गेल्या आहेत. पण वळणे घेण्यासाठी फेरीचा ट्रॅक लागतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 1990 पासून आहे. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. मारुतीचे भाग वापरून स्वस्तातली शर्यतीची गाडी बांधणारे आणि देशातील कित्येक तरुणांना त्या वाटेवर आणणारे हे गृहस्थ. पुढील वर्षी गाडी ट्रकने कोईमतूरला गेली. वडील सोबत गेले.

तिथे आधी गाडीची तपासणी झाली. तपासनिसाने पट्ट्याचे बोल्ट हलवून पाहिले आणि मान डोलावली. रुग्णवाहिका उभी होती, वळणावळणावर झेंडे घेतलेली माणसे होती. पहिल्या दोन फेऱ्या मुलाने ब्रेक तापवण्यातच घालवल्या. तिसऱ्या फेरीला गाडी मोकळी सुटली. वडील कठड्याला टेकून पाहत होते. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जात होत्या. समोरून कोणी येत नव्हते, कडेने कोणी चालत नव्हते. मुलगा हेल्मेट काढून परत आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहून त्यांना पहिल्यांदा त्या दोन आसनांचा हिशेब लागला.

"मजा आली?" त्यांनी विचारले.

"फार."

"मग आता चाके बदल."

पौडच्या शेडमध्ये आज ती दोन खोकी शेजारी शेजारी आहेत. दोन्हींवर वडिलांच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत. विहाराच्या दिवसांत लाल गाडी बाहेर निघत नाही. त्या पहाटे मुलगा दुकानाचा टेम्पो घेऊन जातो, अंगात चमकणारे जाकीट घालतो, टेम्पोचे चारही दिवे लुकलुकते ठेवतो आणि साध्वीजींच्या मागे वीस पावलांवर, चालणाऱ्याच्या वेगाने, पिरंगुटपर्यंत येतो.