बाबांची गाडी आणि चाळीस मायक्रॉन

इंजिनिअर माणसाला काहीही घ्यायचं असलं, अगदी मिक्सर असला तरी, तो आधी एक्सेल शीट उघडतो. गाडीच्या रंगावर फिरवायचं पॉलिशिंग मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मीही उघडली. वॅट, आरपीएम, वजन, वायरची लांबी, किंमत. पहिल्या शनिवारी अकरा मॉडेलं भरली आणि दुसऱ्या शनिवारी त्यातला वॅटचा रकाना चक्क उडवला. कारण मशीनमध्ये ताकद किती, हा इथे दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की शिकाऊ हात ते मशीन कितपत सांभाळून घेतं. का, ते सांगतो.

आधी रोग काय ते बघू. सावलीत गाडी झकास दिसते. उन्हात आली, किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहिली, की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतात. यांना स्वर्ल म्हणतात. गंमत म्हणजे ही वर्तुळं बरेचदा प्रत्यक्षात नसतातच. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून बघा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल चरे दिसतील. ताट हलवा, गोलही सरकेल. चरे असतात सगळ्या दिशांना, आडवे, उभे, तिरके. पण प्रकाशाला जे काटकोनात येतात तेवढेच चमकतात आणि त्यांचा मिळून गोल दिसतो. ताटाला चरे पाडते घासणी. गाडीला पाडतं फडकं. म्हणजे खरं तर फडक्याखाली सापडलेली धूळ.

आणि आमच्याकडे हे फडकं बाबांच्या हातात असतं.

गाडी २०१४ ची, रंग काळा. (मॉडेल सांगत नाही, त्यावरून उगाच वाद होतात.) बाबांनी रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी घेतली, कर्ज न काढता. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी पिवळं फडकं घेऊन ते पार्किंगमध्ये जातात. सोसायटीत गाड्या पुसायला येणाऱ्या मुलाला आमच्या गाडीला हात लावायची परवानगी नाही. पुण्यात आमच्या आजूबाजूला कायम कुठलं ना कुठलं बांधकाम चालू असतं, त्यामुळे गाडीवर रोज पांढरी पूड. ती कोरडी पुसायची, रोज, दहा वर्षांहून जास्त. म्हणजे या गाडीवर जेवढं प्रेम तेवढे चरे. आता हे त्यांना कोण सांगणार? मी म्हटलं, आधी चरे काढू, फडक्याचा विषय मग.

चरे काढणं म्हणजे काय, हे समजलं की मशीनची निवड जवळजवळ आपोआप होते. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०, चाळीस धरू. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पॉलिश करताना चरा भरला जात नाही, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो. हलक्या हाताने केलं तर एका वेळी एक ते तीन मायक्रॉन जातात. गेले ते गेले. हीच ती एफडी, जी मोडता येते पण जिच्यात पैसे भरता येत नाहीत. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत पापुद्रे निघायला लागतात.

माझा एक मित्र जुन्या गाड्या घेतो-विकतो. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे, ते एका रविवारी आणलं. छत ११८. डावे दरवाजे ११० ते ११५. उजवीकडचा मागचा दरवाजा २४०, तो २०१९ मध्ये ठोकल्यावर परत रंगवला होता, म्हणजे बरोबरच. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे मीटर चालतच नाही, त्याला खाली धातू लागतो. आणि बॉनेट: ९०, ९२, पुढच्या कडेला ८४.

बॉनेटचं कोडं बाबांनीच सोडवलं. २०१८ मध्ये एका दुकानात ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं होतं. मशीन कसलं होतं विचारलं, तर म्हणाले, "ते नाही का, ग्राइंडरसारखं." कारखान्यातूनच जागोजागी थोडा फरक असतो हे धरलं तरी, बॉनेटवरचे वीसेक मायक्रॉन त्या दिवशी गेले असावेत. आणि मीटर फक्त एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. पण रबिंगमध्ये जातं ते वरूनच जातं. चाळिसातले वीस गेले असतील, तर उरलेल्या विसांवर मी हात चालवणार होतो. तेही स्वतःच्या नाही, बाबांच्या गाडीवर.

तर मशीन. ढोबळमानाने तीन जाती.

पहिली रोटरी. मोटर फिरते तसा पॅड एकाच अक्षावर फिरतो. काम फटाफट होतं, आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याच्यासाठी ते उत्तम मशीन आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण जरा गणित करा. १५० मिलिमीटरचा पॅड मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरला, तर त्याची कड ताशी ८५ किलोमीटरने रंगावर घासते. सुरुवातीला हजार-बाराशेवर ठेवलं तरी ताशी तीसेक. एकाच जागी एक-दोन सेकंद जास्त थांबलात, किंवा दरवाज्याच्या कडेवर पॅड आला, की उष्णता साठते. कडांवर रंग मुळातच पातळ. तिथे खालचा प्रायमर दिसायला वेळ लागत नाही.

दुसरी जात ड्युअल अॅक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात. यात पॅड मधोमध बसवलेला नसतो, थोडा बाजूला असतो आणि त्याचा स्पिंडल मोकळा असतो. मोटर त्याला छोट्या वर्तुळात हलवते आणि त्या हालचालीमुळे पॅड स्वतःभोवतीही फिरतो. आपल्या कामाची गोष्ट अशी की हे फिरणं सक्तीचं नाही. जोर जास्त दिलात किंवा पॅड कडेवर चढला की तो फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. १५ मिलिमीटर थ्रोचं मशीन मिनिटाला ४००० वर असलं तरी ती थरथर ताशी अकराएक किलोमीटरचीच. सॉफ्टवेअरच्या भाषेत, एरर आली की हे मशीन क्रॅश न होता गुपचूप थांबतं. मला हेच हवं होतं.

तिसरी जात गिअरवाली डीए. तीही छोट्या वर्तुळात हलते, पण फिरणं सक्तीचं, थांबणं नाही. काम जास्त, उष्णताही जास्त. दुसरं मशीन म्हणून उत्तम.

मग थ्रो किती? २१ मिलिमीटरवाली मशीन बघून तोंडाला पाणी सुटतं. मोठ्या एसयूव्हीच्या सपाट बॉनेटवर ती मस्त चालतात. पण आपल्याकडच्या छोट्या गाड्या म्हणजे सगळा वळणावळणांचा पत्रा, तिथे एवढा मोठा थ्रो सारखा अडतो. म्हणून १५. पाच इंची बॅकिंग प्लेट, वजन अडीच किलोच्या आसपास, लोड आला तरी वेग टिकवणारं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल. शीटमध्ये हे सगळं बसणारी तीनच मॉडेलं उरली. रुपेस या इटालियन कंपनीचं मशीन यादीत होतं. किंमत बघून मी तो रकाना बाबांना दाखवला नाही. शेवटी मधल्या किमतीचं घेतलं आणि वाचलेले पैसे पॅडमध्ये घातले. चरा मशीन काढतच नाही, पॅड आणि कंपाउंड काढतात. फोमचे दोन मऊ, तीन मध्यम, एक कडक, असे सहा पॅड. एका पॅडवर अख्खी गाडी करायला गेलं तर तो घाणीने आणि उष्णतेने बसतो.

अमेरिकेत ऑनसाइट असलेला एक मित्र म्हणाला, येताना इथलंच घेऊन येतो, स्वस्त पडेल. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. मग स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तो चार पावलांवर ठेवा आणि गाडीभोवती त्याला फिरवत बसा. त्याला म्हटलं, तू चॉकलेटंच आण.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग वापरायला सेक्रेटरींची परवानगी लागते, हा रकाना कुठल्याच शीटमध्ये नसतो. ती मिळाली. गेल्या रविवारी गाडी भरपूर पाण्याने धुतली, क्ले बारने रंगात रुतलेली पूड काढली, कडांना आणि काळ्या रबरांना मास्किंग टेप लावली. बॅकिंग प्लेटवर पांढऱ्या मार्करने एक रेघ मारली, म्हणजे पॅड फिरतोय की नुसता थरथरतोय ते दिसतं. ही फुकटातली युक्ती कुठल्याही फीचरपेक्षा मोलाची आहे. सुरुवात उजव्या मागच्या दरवाज्यावर केली, तिथे २४० होते. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन, सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, चार वेळा आडवं-उभं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कारण पॉलिशमधलं तेल चरे तात्पुरते लपवतं आणि आपण उगाच खूश होतो. टॉर्च मारला. सत्तरेक टक्के चरे गेले होते. मध्यम पॅडवर आणखी गेले असते, पण दरवाज्यावर मी तिथेच थांबलो.

बॉनेटवर फक्त मऊ पॅड, फक्त दोन फेऱ्या, कडांपासून चार बोटं लांब. खोल चरे तसेच ठेवलेत. बाबा खुर्ची टाकून बसले होते. टॉर्च स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी पूर्ण बॉनेट तपासलं, मग म्हणाले, "हे उरलेले?"

"ते राहू देत. खाली थर नाही फारसा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग पिवळं फडकं खिशातून काढलं, आणि बॉनेटला न लावता हातातच धरून विचारलं, "मग रोज सकाळी मी काय करायचं?"

त्यांच्यासाठी दोन बादल्या, एक जाड मायक्रोफायबरचा मिट आणि लांब नळी घेतली आहे. आठवड्यातून एकदाच धुवायचं, रोज नुसतं बघायचं, असं ठरलंय. सोमवारी सकाळी ते खाली गेले तेव्हा मी गॅलरीतून पाहिलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, आरसा जरा सरळ केला आणि वर आले. छत अजून बाकी आहे. तिथे ११८ आहेत, ते या रविवारी.