काटा कधी चढतो?

मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन घेतली की नातेवाइकांच्या दृष्टीने आपण त्याच दिवशी गॅरेजवाले होतो. मिक्सरपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत जे जे बंद पडेल ते आपल्यापुढे आणून ठेवतात. इकडे आपला थर्मोचा पेपर दोनदा राहिलेला असतो, ते त्यांना कुठे ठाऊक! पण मे महिन्यात घरून फोन आला तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

आमचं गाव वाईजवळ. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, डायलिसिस आठवड्यातून दोनदा साताऱ्याला असतं. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. घरात चारचाकी एकच, १९९७ सालची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. पप्पा म्हणाले, "गाडी परत तापली रे. पोवई नाक्याजवळ बॉनेटमधून वाफा निघायला लागल्या. आबांना रिक्षात घालून स्टँडवर आणलं, तिथनं एसटीनं घरी." डायलिसिस करून बाहेर पडलेल्या माणसात किती त्राण उरलेलं असतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. मिस्त्रींचं निदान असं की हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल, खर्च १४ हजार. पप्पा गाडी विकायच्या गोष्टी करायला लागले होते. विकल्यावर आबांना न्यायचं कसं, हे मात्र कोणी बोलत नव्हतं.

शनिवारी गावी पोचलो आणि बॉनेट उघडायच्या आधी पप्पांना एवढंच विचारलं, "काटा चढतो कधी?"

"हायवेला नाही. पाचवडपासनं साताऱ्यापर्यंत मधेच असतो. गावात शिरलं, गर्दीत अडकलं, की चढतो. पण रोज नाही हां."

आय. सी. इंजिनच्या लॅबमध्ये आपण हीट बॅलन्स शीट काढतो (म्हणजे एक जण काढतो, बाकीचे जर्नलमध्ये उतरवतात). त्यातला एक आकडा लक्षात असेल: पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण तीस टक्के वाटा कूलिंगच्या पाण्यात जातो. ती उष्णता रेडिएटरने हवेत टाकायची. गाडी साठच्या स्पीडने पळत असेल तर समोरून येणारा वारा फुकटात काम करतो. उभ्या गाडीला वारा कोण घालणार? पंखाच. म्हणजे पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, असं असेल तर पहिला संशय पंख्यावर. याउलट चढावर किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, वॉटर पंपाचं काय, हे बघायचं.

आणि हेड गॅस्केट गेलं तर ते खुणा सोडतं. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, गळती दिसत नसताना पाणी कमी होतं. सकाळी थंड इंजिनवर सगळं पाहिलं. एकही खूण नाही. थर्मोस्टॅट काढून आईच्या पातेल्यात उकळत ठेवला, तर तो व्यवस्थित उघडला. (पातेल्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे छापता येणार नाही.) काही मिस्त्री तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकूनच देतात. मला ते पटत नाही. इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

मग अंगणात गाडी चालू ठेवून उभे राहिलो. काटा निम्म्यावर आला आणि पंखा लागला! पप्पा म्हणाले, "मिस्त्रींकडंपण असाच लागला होता. म्हणूनच त्यांनी गॅस्केट म्हटलं." त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. पंखा फिरताना डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच्यावर संशय कोण घेणार? पण पप्पांचं "रोज नाही" माझ्या डोक्यातून जाईना.

पंखा थांबू दिला, परत लागू दिला. तिसऱ्या खेपेला काटा वर सरकला तरी पंखा गप्प. लगेच इंजिन बंद केलं. आता थर्मो स्विच, फ्यूज, वायरिंग की मोटर? पंख्याचं कनेक्शन सोडवून बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट दिले. हूं नाही की चूं नाही. म्हणजे स्विच आणि वायरिंग तूर्त बाजूला, मोटरच दोषी. लांब लाकडी पट्टीने पात्याला हलकंसं ढोसलं, तर पंखा भर्रकन सुटला.

डी.सी. मशिन्सचं लेक्चर ज्यांनी मागच्या बाकावर झोपून काढलं नाही त्यांच्या लक्षात आलं असेल. कार्बन ब्रश झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. आर्मेचर चांगल्या जागी थांबलं तर मोटर पुढच्या वेळी सुरू होते, वाईट जागी थांबलं तर होत नाही. अंगणात लागणारा पंखा पोवई नाक्यावर रुसतो, त्याचं कारण एवढंच.

साताऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मोटर खोलली. एक ब्रश जवळजवळ संपलेला. दोन्ही बदलले, कम्युटेटर साफ केला, मजुरीसकट ३५० रुपये. मिस्त्रींना जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी जुना ब्रश हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि चहा मागवला.

जाता जाता एक, कारण हॉस्टेलवर ट्रिपला भाड्याच्या गाड्या नेणारे बरेच आहेत. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब जातो आणि ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, चहा प्या. पंख्याजवळही हात नेऊ नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक लागतो.

आबांच्या फेऱ्या चालू आहेत. नाक्यावर गाडी उभी राहिली की ते मागच्या सीटवरून कान देऊन बसतात आणि पंखा लागला की पप्पांना सांगतात, "लागला बरं का." रेडिएटरचा खालचा होज पाइप मऊ पडलाय, तो दिवाळीच्या सुट्टीत बदलायचा आहे.